शेवटच्या पानावरची गोगलगाय

प्रश्न साधाच होता. चौथीच्या वर्गात खिडकीजवळच्या बाकावर बसलेल्या एका मुलीने हात वर केला, आपल्याला कुणी बोलायला सांगेल याची वाट न बघता ती उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या पुस्तकातली गोगलगाय, सावकाशी, घरातून निघते तेव्हा तिचा शंख असा वळलाय, आणि घरी परत येते तेव्हा असा." सांगताना तिने तर्जनीने हवेत दोन भोवरे काढले, एक घड्याळाच्या काट्यांबरोबर आणि दुसरा काट्यांविरुद्ध, मग हात खाली घेतला आणि उत्तरासाठी थांबली. पुस्तक लिहिणारी आणि त्यातली चित्रं काढणारी ताई फळ्यापाशी उभी होती, बोटांना खडू लागलेला. गेल्या चार वर्षांत तिने शंभरावर शाळा पालथ्या घातल्या होत्या. मुलं काय विचारतात हे तिला तोंडपाठ होतं: ही गोष्ट कशी सुचली, एक चित्र काढायला किती वेळ लागतो, तुमच्याकडे मांजर आहे का. प्रत्येकाला उत्तर तयार होतं आणि उत्तराच्या शेवटी येणारा हशाही तयार होता. जिथे उत्तर तयार नसे तिथे तिचं डोकं अशा काही वेगाने पळे की तिची तिलाच मौज वाटे. आत्ताही ते पळालं. "अरे वा, पकडलंस की," ती म्हणाली, "अगं, एवढा प्रवास करून आल्यावर कुणी पहिल्यासारखं राहतं का? सावकाशी आतून बदलली, म्हणून तिचा शंखसुद्धा वळला." मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या वर्गशिक्षिका हसल्या, मुख्याध्यापिकांनी मान डोलावली, एकाने टाळी वाजवली आणि मग सगळ्या वर्गाने वाजवली. त्या मुलीने वाजवली नाही. तिने वही उघडली, पेन्सिलीला टोक आहे का ते बघितलं आणि उत्तर लिहून घेतलं.

लिहून घेतलं, हेच ताईला खुपत राहिलं. पुढचं अर्धं सत्र तिने नेहमीच्या सफाईने पार पाडलं, एका मुलाच्या सांगण्यावरून दाढीवाला मासा काढला, दुसऱ्याच्या सांगण्यावरून त्या माशाला चष्मा दिला, हशा जिथे यायचा तिथे आला. पण त्या सगळ्यात तिचं लक्ष खिडकीजवळच्या बाकावर होतं. मुलगी मासा बघत नव्हती. ती वहीत पट्टीने रेघा आखत होती. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि वर्ग रिकामा झाला, तेव्हा सगळ्यांच्या आधी तीच बाहेर पडली, एका हातात वही आणि दुसऱ्या हातात पत्र्याचा एक डबा घेऊन.

दुपारच्या सत्रापर्यंत ताईची बसायची सोय वाचनालयात केली होती. लांबट खोली, तीन बाजूंना छातीइतक्या उंचीची कपाटं, मधोमध एक मोठं टेबल आणि त्यावर तिच्याच पुस्तकाच्या चाळीस प्रती, दहा-दहाच्या चार गठ्ठ्यांत, सही करण्यासाठी. शेजारी दोन पेनं आणि टिपकागद. हा टिपकागद बघून तिला पुन्हा निमंत्रणाच्या पत्राची आठवण झाली. शाळांची निमंत्रणं तिच्याकडे ढिगाने येत आणि सगळी एकाच साच्यातली असत. आपल्या उपस्थितीने आमची मुलं प्रेरित होतील, आपण वेळ काढावा, कळावे. या शाळेच्या ग्रंथपाल बाईंचं पत्र दोन पानांचं होतं आणि त्यात प्रेरणेचा उल्लेख नव्हता. फळा जमिनीपासून किती उंचीवर असलेला तुम्हाला सोयीचा पडेल, असं विचारलं होतं. तुम्ही डावखुऱ्या असाल तर मुलांना दुसऱ्या बाजूला बसवू, म्हणजे हात मध्ये येणार नाही, असं लिहिलं होतं. आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: मुलांनी तुमचं पुस्तक बारकाईने वाचलं आहे, काहींनी तपासलंही आहे. 'तपासलंही' वाचून तिला हसू आलं होतं. शुद्धलेखनाच्या चुका काढल्या असतील पोरांनी, असं म्हणून तिने तेव्हाच्या तेव्हा होकार कळवला होता.

तिने वरच्या गठ्ठ्यातली एक प्रत उचलली आणि तिसरं पान उघडलं. सावकाशी उंबऱ्यावरून निघते आहे, तोंड उजवीकडे. चित्रांच्या पुस्तकात जो निघाला तो उजवीकडेच निघतो, कारण पान त्या बाजूला उलटतं आणि वाचणाऱ्याचा डोळा तिकडेच ओढला जातो; बावीस पानं सावकाशी उजवीकडेच चालते, चिखलातून, पाईपवरून, एका झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवरून. तिच्या कवचावरची वळी मधल्या टोकापासून बाहेर काट्यांबरोबर फिरत आलेली, प्रत्येक पानावर, न चुकता. मग शेवटचं पान. सावकाशी घरी येते. तोंड डावीकडे, आणि वळी काट्यांविरुद्ध. तिने दोन्ही पानं एकमेकांशेजारी धरली. खरं तर धरायची गरज नव्हती. चार वर्षं ती ही दोन पानं न धरताही बघत आली होती.

हे तिला कळत नव्हतं असं नाही, हीच तर मेख होती. या पृथ्वीतलावर हे ज्यांना झोपेतसुद्धा कळावं अशा मोजक्या माणसांत ती मोडत होती. चित्रांकडे वळण्याआधी दोन वर्षं ती एका प्रयोगशाळेत होती, पांढरा कोट घालून, आणि तिचं काम होतं गोगलगायींची कवचं मोजणं. लांबी, रुंदी, वळ्यांची संख्या, मुखाचा व्यास. चार हजारांवर कवचं तिने कॅलिपरच्या जबड्यात धरली होती आणि त्यांत डाव्या वळणाचं कवच सापडलं होतं फक्त एक. त्या दिवशी तिच्या गाईडनी, एरवी खिशातून रुमालही जपून काढणाऱ्या माणसाने, अख्ख्या प्रयोगशाळेला चहा पाजला होता. उजव्या वळणाची गोगलगाय जन्मते उजवी, मरते उजवी, मेल्यावर हजार वर्षांनी मातीत सापडते तीही उजवी. कितीही प्रवास करून आली तरी.

आणि तिने शेवटचं पान आधी बरोबरच काढलं होतं. सावकाशी डावीकडे निघाली म्हणजे आपल्याला तिची दुसरी बाजू दिसणार. त्या बाजूला वळी दिसत नाही. तिथे कवचाचा एक मोठा गुळगुळीत फुगवटा असतो आणि खालच्या अंगाला एक बारीक खळगा, सगळं कवच ज्याच्याभोवती गुंडाळत गेलेलं असतं तो. त्याला नाभीच म्हणतात. ते चित्र तिने तीन दिवस रंगवलं होतं. प्रकाशकाच्या कचेरीत पानांची मांडणी करणारा माणूस, ज्याला सगळे मास्तर म्हणत, खुर्चीत मागे रेलून ते बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हिचा शंख कुठाय? हा तर बटाटा झाला." पुस्तक दुसऱ्या दिवशी छापायला जायचं होतं. मास्तरने तिसऱ्या पानावरचं चित्र पडद्यावर आणलं, एक कळ दाबली आणि सावकाशी जागच्या जागी डावीकडे तोंड करून उभी राहिली, वळीसकट, गोजिरवाणी. खोलीत यंत्रं थंड ठेवणाऱ्या पंख्याचा आवाज होता आणि मास्तरच्या कपात चहावर साय धरली होती. हे सगळं तिला लख्ख आठवत होतं, कारण त्या दोन-तीन सेकंदांत तिने विचार केला होता. न कळता झालं, असं म्हणायला तिने स्वतःला जागाच ठेवली नव्हती. कोण बघतंय, असं तिच्या मनात आलं होतं, आणि ती म्हणाली होती, "चालेल."

चाललंही. पुस्तकाच्या सात आवृत्त्या निघाल्या. एका समीक्षकाने शेवटच्या पानाचं खास कौतुक केलं. कुणीही, एकाही शाळेत, एकाही पत्रातून, काही म्हटलं नाही. एक सोडून, आणि तो एकजणही काही म्हणाला नव्हता.

तिचे वडील टर्नर. चौतीस वर्षं कारखान्यात लेथवर उभे राहिले आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा एक छोटा लेथ टाकून पुन्हा उभे राहिले. ती सहा वर्षांची असताना ते तिला डोळे मिटायला सांगत, तळहातावर एक बोल्ट ठेवत आणि विचारत, आटे उजवे की डावे? ती अंगठ्याने आटे चाचपून सांगायची. दोनाचा पाढा यायच्या आधी तिला ठाऊक होतं की सायकलचं डावं पायडल डाव्या आट्यांचं असतं, कारण तिथे उजवे आटे लावले तर पायडल चालता चालता सैल होऊन गळून पडेल. वडील बोलायचे कमी आणि थट्टा करायचे तीही तोंड सरळ ठेवून. तिने पहिल्यांदा पांढरा कोट घातला तेव्हापासून ते तिला साहेब म्हणू लागले. काय साहेब, जेवलात का. काय साहेब, आज किती गोगलगाई पळून गेल्या. तिने प्रयोगशाळा सोडायचं ठरवलं त्या संध्याकाळी त्यांनी लेथ बंद केला, हात पुसले आणि ती काय सांगते ते उभ्यानेच ऐकून घेतलं. ती बरंच बोलली होती. त्यातलं तिचं तिलाच पटलेलं वाक्य असं होतं की बाबा, तिथेही नीट बघायचंच काम आहे. वडील म्हणाले, मग हरकत नाही.

पुस्तकाची पहिली प्रत घेऊन ती गेली तेव्हा त्यांनी आधी साबणाने हात धुतले, नखांतलं तेल ब्रशने काढलं, पंचाला पुसले आणि मग पुस्तक मांडीवर घेतलं. एकेक पान त्यांनी उलटलं, सावकाश, सावकाशीच्या नावाला शोभेल असं. कुत्र्याच्या पाठीपाशी त्यांच्या मिशा हलल्या. शेवटच्या पानावर ते थांबले. त्यांचा उजवा हात पुस्तकावरून उठला आणि अंगठा नि तर्जनी हवेत किंचित फिरली, नट आवळून बघावा तशी. मग त्यांनी पानं मागे नेऊन तिसरं काढलं, परत शेवटचं काढलं, आणि पुस्तक मिटलं. "कागद चांगला लावलाय," ते म्हणाले. ती समोर स्टुलावर बसली होती. तिला दिसलं होतं, त्यांना दिसलं हे तिला दिसलं होतं, आणि तिने लगेच छपाईच्या गमतीजमती सांगायला सुरुवात केली. त्यानंतर तिची तीन पुस्तकं आली. तिन्ही त्यांनी हात धुऊन बघितली आणि तिन्हींचा कागद त्यांना आवडला. ती घरी जायची, राहायची, जेवायची, शेडमध्ये पाय पसरून गप्पा मारायची, ते साहेब म्हणायचे. फक्त चित्रांविषयी त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही आणि तिने विचारलं नाही. एवढंच. याला दुरावा म्हणणं अतिशयोक्ती होईल असं ती स्वतःला सांगे. मापाच्या भाषेत बोलायचं तर मिलिमीटरभर फट. पण लेथवर वाढलेल्या मुलीला मिलिमीटर म्हणजे किती हे सांगायची गरज नसते.

ग्रंथपाल बाई दोन कप घेऊन आल्या. ठेंगण्या, नीटनेटक्या, चष्मा गळ्यात दोरीला. तिने शक्य तितक्या सहज आवाजात त्या खिडकीजवळच्या मुलीची चौकशी केली. बाई हसल्या. तिला अख्खी शाळा भिंग म्हणते, त्यांनी सांगितलं, आणि तिला ते आवडतं. पत्रातलं 'तपासलंही' हे तिच्याचमुळे. सहा आठवड्यांपूर्वी पुस्तक वाचल्यापासून ती मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या बागेत रिकामी कवचं गोळा करते. परवापर्यंत त्रेसष्ट झाली होती. सगळी त्या तिसऱ्या पानावरच्यासारखी. "शेवटच्या पानावरच्यासारखं एक तरी असणारच, असं म्हणते," बाई म्हणाल्या. "पुस्तकात आहे म्हणजे असणार. मी म्हटलं, अगं, आता त्या स्वतःच येताहेत, त्यांनाच विचार. म्हणून तर तुम्हाला बोलवायची एवढी घाई केली. तुम्ही छान सांगितलंत हं तिला. आता लागली कामाला."

कसल्या कामाला, असं तिने विचारलं. बाईंनी खिडकीकडे बोट केलं.

खाली, बागेच्या टोकाला, पाण्याच्या नळामागे एक ओली भिंत होती आणि भिंतीपाशी भिंग उकिडवी बसली होती. ताई जिना उतरून तिथे पोचेपर्यंत तिच्या डोक्यात दोन-तीन चांगली वाक्यं तयार झाली होती, हसरी, मोकळी, कुणाचीच मान खाली न जाऊ देणारी. भिंगने तिच्याकडे बघितलं नाही. तिच्या तळहातावर एक जिवंत गोगलगाय होती, अंग आत ओढून बसलेली, आणि कवचाच्या कडेला पांढऱ्या रंगाचा एक ताजा ठिपका होता. व्हाइटनर, भिंग म्हणाली, बाईंनी दिला. ठिपका ओळखण्यासाठी. ही याच भिंतीवर राहते. हिला शाळेच्या फाटकापाशी नेऊन सोडायचं. तिथून ती घरी परत येईल तेव्हा बघायचं. वही गवतावर उघडी पडली होती. पानावर तीन रकाने आखले होते, रेघा काटेकोर, वर मथळे: अंतर, दिवस, वळला की नाही. त्याच्या वरच्या ओळीत, अवतरणात, तिचं सकाळचं उत्तर. सावकाशी आतून बदलली म्हणून तिचा शंखसुद्धा वळला. खाली कंसात तारीख.

"ताई," भिंग म्हणाली, "किती लांब जाऊन आली की वळतो? फाटकापर्यंत पुरेल का?"

खूप लांब, असं म्हणणं ताईच्या अगदी जिभेवर होतं. खूप लांब, खूप वर्षं, आपल्याला मोजता येणार नाही इतकं. हे एक वाक्य पुरेसं होतं. ते कधीच, कुणालाच तपासून खोडून काढता आलं नसतं, आणि नेमकं म्हणूनच तिला त्याची किळस आली. दोन वर्षांत गाईडनी तिला शिकवलेल्या गोष्टींपैकी ज्या अजून शिल्लक होत्या त्यांत ही एक होती: जे सांगणं कोणत्याच मोजमापाने चुकीचं ठरू शकत नाही, त्याला आपण उत्तर म्हणायचं नाही. ही नऊ वर्षांची मुलगी गोगलगायीला फाटकापाशी नेणार, रोज मधल्या सुट्टीत पट्टी लावणार, 'नाही' असं लिहीत जाणार, आणि शेवटी, पुस्तक छापील असल्यामुळे आणि पुस्तकवाल्या ताई स्वतः येऊन सांगून गेल्यामुळे, चूक आपल्याच बघण्यात आहे असं ठरवणार. तयार केलेली वाक्यं तिने टाकून दिली. ती गवतात मांडी घालून बसली, इस्त्रीच्या कपड्यांनिशी.

"मी सकाळी खोटं सांगितलं," ती म्हणाली. "शंख वळत नाही. कधीच नाही. चित्र चुकलंय."

भिंगने आता वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर रागही नव्हता आणि आनंदही नव्हता; एखादा अंक पुन्हा वाचून बघणाऱ्याचा चेहरा असतो तसा तो होता. तुम्हाला आधी माहीत होतं का, तिने विचारलं. ताई हो म्हणाली. मग? मग मला वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही. "माझ्या आलं," भिंग म्हणाली. मग तिने विचारलं की शेवटच्या पानावर जी आहे ती कोण, आणि ताईने कळ, पडदा, आरशासारखं उलटलेलं चित्र, सगळं सांगितलं, मास्तरचा बटाटासुद्धा सांगितला, त्यावर भिंग पहिल्यांदा हसली. पण हसू ओसरल्यावर ती पुन्हा मूळ जागी आली, कारण तिचं काम अर्धवट राहिलं होतं.

"म्हणजे ती तिसऱ्या पानावरचीच आहे, उलटी केलेली," ती म्हणाली. "म्हणजे सावकाशी घरी आलीच नाही."

नळातून थेंब पडत होते. हे वाक्य ताईला कसं ऐकू आलं हे सांगणं अवघड आहे. चार वर्षं या पानाला ती मनात चूक म्हणत होती, तडजोड म्हणत होती, एकदा तर एका मुलाखतीच्या आधी शैली म्हणून बघितलं होतं. गोष्टीच्या आत जाऊन बघितलं नव्हतं. पत्र्याची शेड तिच्या डोळ्यांपुढे आली, हवेत अर्धवट फिरून थांबलेली दोन बोटं, आणि स्टुलावर बसून छपाईच्या गमती सांगणारी ती स्वतः, बडबडी, गोजिरवाणी. "नाही आली," ती म्हणाली. भिंग म्हणाली, मग आता आणा.

गोगलगाय काही बाहेर यायला तयार नव्हती. भिंगने तिला भिंतीवर ठेवलं, नळाखाली बोटं धरून तिच्यावर पाणी शिंपडलं आणि दोघी वाट बघत बसल्या. चारेक मिनिटांनी कवच हललं, कडेखालून ओलं अंग पसरलं, शिंगं एकेक करून उलगडली आणि ती भिंतीवरून डावीकडे निघाली. ताईने भिंगची वही मांडीवर घेतली, पेन्सिल मागून घेतली. तिला वाटलं होतं की हात मास्तरच्या शब्दाला बिचकेल. तसं झालं नाही. फुगवटा आला, त्यावर वाढीच्या बारीक रेषा आल्या, नाभीचा खळगा आला, आणि सकाळच्या फळ्यावरच्या दाढीवाल्या माशापेक्षा हे चित्र शंभरपटीने सोपं होतं, कारण इथे काही सुचवायचं नव्हतं. समोर होतं ते घ्यायचं होतं. भिंग तिच्या खांद्यावरून बघत होती आणि मध्येच म्हणाली, खळगा जरा खाली. भिंतीवरच्या गोगलगायीचा खालीच होता. तिने खाली घेतला. चित्र झाल्यावर भिंगने वही परत घेतली, पट्टी काढली, सकाळच्या उत्तरावर पट्टी ठेवली आणि एकच सरळ रेघ मारली. खोडरबर तिच्या कंपासपेटीत होतं, पण तिने ते वापरलं नाही. खाली काय लिहिलं होतं ते वाचता येत राहिलं. मग तिने एक शंका काढली. वाचनालयात चाळीस प्रती आहेत, त्यांचं काय?

दुपारचं सत्र वीस मिनिटांचंच झालं. ताईने दोन्ही चित्रं फळ्यावर काढली आणि सगळ्या वर्गाला, मागच्या भिंतीसकट, काय घडलं होतं ते क्रमाने सांगितलं: कचेरीत काय झालं, आज सकाळी काय झालं, कुणी पकडलं. आवाज तिचा नेहमीचाच होता, स्वच्छ आणि मागच्या बाकापर्यंत पोचणारा. मुख्याध्यापिकांनी या खेपेला मान डोलावली नाही, त्या खाली बघत राहिल्या. पहिल्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं की आता तुम्हाला शिक्षा होणार का. होणार, ती म्हणाली, चाळीस वेळा लिहायची.

टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं गेलं. पोस्टर रंगांच्या चार बाटल्या तिच्या पिशवीत नेहमीच असत. तिने तपकिरी उघडला, त्यात पांढरा आणि किंचित पिवळा मिसळून कवचाचा रंग जुळवला. वळीवर जाड रंगाचा एक हात, तो वाळला की वाढीच्या रेषा, मग खळगा, शेवटी खाली सही. पहिल्या प्रतीला सहा मिनिटं लागली, पाचव्या प्रतीपासून साडेतीन. भिंग एका बाजूने प्रती उघडून देत होती आणि दुसऱ्या बाजूने ओल्या प्रती खिडकीखाली उघड्या मांडत होती, ग्रंथपाल बाई त्यांच्यावर हवा लागेल असा पंखा फिरवत होत्या आणि स्वतःशीच म्हणत होत्या की निमंत्रणात हे लिहायचं राहिलंच. प्रकाशकाला तिने दोन ओळींचा निरोप पाठवला: पुढच्या आवृत्तीत शेवटचं पान बदलायचं आहे, मूळ चित्र माझ्या खणात आहे, उद्या आणते. ते जायला एक मिनिटही लागलं नाही. दुसऱ्या निरोपाला थोडा वेळ लागला. अठराव्या प्रतीवर रंग वाळत असताना ती उठून कपाटांच्या मागे गेली आणि तिने घरी फोन लावला. पलीकडे लेथचा आवाज होता. मग तो हळूहळू उतरत बंद झाला.

"काय साहेब," वडील म्हणाले.

बाबा, ती म्हणाली, सावकाशीचं शेवटचं पान. तुम्हाला दिसलं होतं ना? पलीकडे त्यांनी कशाला तरी हात पुसले. तिला कापडाचा आवाज ऐकू आला.

"दिसलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, तुमच्यात चालत असेल."

तिने कपाटाच्या कडेवर हात टेकला. बोटांवर तपकिरी रंग होता आणि त्याचा ठसा लाकडावर उमटला. एवढी वर्षं तिला वाटत आलं होतं की त्यांनी तिची चूक पोटात घातली. ते तर तिच्या धंद्याला मान देत होते. "नाही चालत, बाबा," ती म्हणाली. "आमच्यातही नाही चालत." मग तिने घाईघाईने नाही, एकेक करून सगळं सांगितलं, त्रेसष्ट कवचं आणि पांढरा ठिपका, आणि खळगा जरा खाली. वडिलांनी विचारलं की ती मुलगी कितवीत आहे. चौथीत, ती म्हणाली. त्यांनी नुसतंच हं केलं, पण ते तोंड सरळ ठेवून केलेलं हं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं की माझी प्रत इथेच आहे, फळीवर, तशीच ठेवलीय. "रंग घेऊन ये. माझ्यासमोर कर. मला बघायचंय ती बाजू कशी दिसते."

ती टेबलाशी परतली. भिंगने एकोणिसावी प्रत उघडून ठेवली होती. ऊन खिडकीतून टेबलाच्या अर्ध्यापर्यंत आलं तेव्हा तिसावी झाली, घंटा होऊन शाळा सुटली तेव्हा छत्तिसावी, आणि मग ग्रंथपाल बाई, भिंग आणि ती एवढ्याच उरल्या. भिंगने शेवटची प्रत खिडकीखाली नेऊन ठेवली, रांगेवरून एकदा बोट फिरवत मोजलं आणि जाहीर केलं की चाळीस झाल्या. मग तिने डबा घेतला, वही घेतली, आणि दारातून परत येऊन विचारलं की भिंतीवरचीच्या पाठीवरचा ठिपका आता पुसायचा का. राहू दे, ती म्हणाली, कुठे जाते ते तरी बघ. भिंगला ते पटलं.

ब्रश धुऊन, पिळून, टोकं सरळ करून तिने कापडात गुंडाळले. बाईंनी विचारलं की जुळवलेला रंग उरलाय तो ओतून टाकू का. नको, ती म्हणाली, अजून एक प्रत आहे. तो रंग तिने एका रिकाम्या बाटलीत भरला, झाकण उजवीकडे घट्ट फिरवलं, आटे बसल्याची खात्री अंगठ्याने करून घेतली आणि बाटली पिशवीत सगळ्यांत वर ठेवली.